काळीचा पुढचा डावा पाय

काळी मी घेतली ती तिच्या रंगामुळेच. वरातीला काळी घोडी कोणी लावत नाही. नवरदेव काळ्या घोडीवर बसला तर त्याच्या आत्या मांडवातच रडायला लागतील. विकणाऱ्याला हे माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी मी अर्धा दिवस त्याच्या अंगणात खाटेवर बसून राहिले. चहा घेतला नाही, घोडीकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. उठताना एवढंच म्हटलं की घोडी चांगली आहे, पण हिला नुसतं खायला घालून तुम्ही आणखी किती दिवस दारात उभी करणार? तो म्हणाला, "घेऊन जा बाई, पण तोंड आवरा."

लोक म्हणतात मी तोंडाळ आहे. आहेच. आमचं घर खाडीकडचं, वडील मिठागरात. लग्नानंतर मी मोठी पातेली आणि पराती भाड्याने द्यायला सुरुवात केली, मग खुर्च्या, मग मांडव. गोड बोलून यातलं काही झालं नाही. वरातीसाठी पांढरी घोडी आणली ती माझ्या जिवावर. नवऱ्याची रिक्षा माणिकपूरच्या स्टँडवर लागते. त्याला घोड्यांची भीती वाटते, अजूनही तो पांढरीला लांबूनच पेंढा टाकतो, कुत्र्याला पाव टाकावा तसा. पांढरीनंतर मी जुनी बग्गी घेतली आणि बग्गीला काळी. पापडीकडच्या ख्रिस्ती लग्नांत नवरी बग्गीतून चर्चला जाते. तिथे काळा रंग कोणाला टोचत नाही, उलट पांढऱ्या झग्यासमोर काळी घोडी फोटोत खुलून दिसते. हे माझ्या आधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

घरी घोडी ठेवायची म्हणजे काय ते बाहेरून कळत नाही. म्हैस दूध देते म्हणून शेजारी तिचा वास सहन करतात. घोडी काही देत नाही. दिवसभर खाते आणि दिवसभर लीद टाकते. सकाळी खरारा, खूर खरवडणं, भिजवलेला हरभरा, कोंडा, मग गवत. गवत मी वटारहून आणते. वाडीवाल्याला लीद देते, तो मला बांधावरचं हिरवं गवत देतो. पावसाळ्यात गवत ओलं असतं, ते पसरून वाळवल्याशिवाय घातलं तर पोट फुगतं. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं चुकलं की फार काही हातात राहत नाही. आणि सगळ्यात मोठी काळजी पायाची. घोड्याचे तीन पाय चांगले आहेत याला काही अर्थ नसतो.

आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे दोघी. पूर्वी शेडच्या पलीकडे नारळ होते आणि पावसाचं पाणी तिकडून खाडीकडे निघून जायचं. मग तिथे इमारत आली. बिल्डरने पुरुषभर उंच भराव टाकला, त्यावर सोसायटी उभी राहिली आणि आमचं आवार वाडग्याच्या तळासारखं झालं. आता त्यांचं पाणी आमच्याकडे येतं आणि आमच्या लिदीचा वास त्यांच्याकडे जातो. यातलं पहिलं कोणाला दिसत नाही. दुसऱ्याबद्दल महानगरपालिकेत अर्ज जातात. चेअरमन मुंबईत नोकरी करणारा, घाटावरचा माणूस. सभ्य बोलतो. मला ते जास्त झोंबतं.

वास येतो म्हणणारी हीच माणसं शनिवारी माझ्या फाटकात यायची. काळ्या घोडीची नाल हवी असायची. साडेसाती असली, धंदा बसला असला, पोराचं लग्न जमत नसलं की काळ्या घोड्याच्या पायातून निघालेली नाल दारावर लावतात. काळी घेताना हे माझ्या ध्यानात नव्हतं, पण पहिला माणूस नाल मागायला आला त्याच दिवशी आलं. नालबंद नवीन नाल ठोकतो तेव्हा जुनी निघते. ती मी फुकट दिली नाही. का द्यावी? नालबंदाला मी फुकट बोलावत नाही. लोक कुरकुरायचे. एक बाई म्हणाली की विकत घेतलेली नाल लागू पडत नाही, मागून घेतलेलीही नाही, नकळत मिळाली तरच खरी. मी म्हटलं, मग रस्त्यावर नजर ठेवून चाला.

त्या पावसाळ्यात शनी अमावस्या आली. नालबंद भिवंडीहून येतो, पण पावसामुळे त्याची फेरी चुकली होती. ओलाव्याने खूर मऊ होतात आणि खिळे सैल पडतात. काळीच्या पुढच्या डाव्या पायाची नाल एका बाजूने हलत होती. मला ते दिसलं होतं. दोन दिवस कळ काढू, मग तो येईलच असं मी धरून चालले होते. दुपारी मी पुढच्या अंगणात एका मंडपवाल्याशी दिवाळीनंतरच्या लग्नांचा सौदा करत होते. तो रेटून बोलत होता, मीही बोलत होते. मागे काय चाललं आहे ते मला ऐकू आलं नाही. काळी स्वभावाने गरीब, अनोळखी माणसालाही पाय उचलू देते.

मागे गेले तर ती तीन पायांवर उभी होती. नाल नव्हती. कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घालून ती उपसली होती आणि तिच्याबरोबर खुराची कड बोटभर फाटून आली होती. एक खिळा मोडून आत राहिला होता. भोकातून रक्त येत होतं. घोडी ओरडत नाही. ती नुसती घामाने भिजली होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी सोसायटीच्या फाटकावर गेले आणि बोलायचं ते सगळं बोलले. एकेक मजला धरून बोलले. गॅलऱ्या भरल्या. चोर म्हटलं, मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हटलं, त्यांच्या पोराबाळांपर्यंत गेले. चेअरमन खाली आला आणि म्हणाला की पुरावा असेल तर पोलिसांत जा, नसेल तर आवाज खाली करा. त्याच्या बायकोने वरच्या खिडकीचा पडदा ओढून घेतलेला मी पाहिला. तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नालबंद आला. त्याने खिळ्याचा तुकडा काढला, खुराचा तळ थोडा कापला. काळपट पाणी आलं आणि त्याला वास होता. जनावरांच्या सरकारी डॉक्टरने धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. म्हशींत आयुष्य गेलेला माणूस तो, फोनवर दुसऱ्या कोणाला तरी विचारून त्याने औषधं लिहिली. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं. सकाळ-संध्याकाळ पाय कोमट मिठाच्या पाण्यात धरायचा, मग पुसून, पट्टी बांधून कोरडा ठेवायचा. घाण पाणी आत गेलं तर सड वर हाडापर्यंत चढेल आणि मग घोडीसाठी एकच इंजेक्शन उरेल. डॉक्टर हे माझ्याकडे न बघता म्हणाले.

पट्टीवर बांधायला लहान मुलांचे डायपर चांगले, असं नालबंदाने सांगितलं होतं. नवरा मेडिकलमधून पिशवीभर घेऊन आला. दुकानदाराने त्याचं अभिनंदन केलं म्हणे. या वयात, असंही म्हणाला. त्या आठवड्यात आम्ही हसलो ते तेवढंच.

मग पाऊस लागला. आमच्याकडे पावसाची भीती पडण्याची नसते, पडलेलं पाणी न जाण्याची असते. पहिल्या दिवशी घोटाभर आलं. नवऱ्याने, भीत भीत का होईना, पांढरीला दोरीने धरून हायवेकडच्या एका म्हशींच्या तबेल्यात नेऊन बांधलं. ती स्वतःच्या पायांनी गेली. काळीला तेवढं चालवणं शक्य नव्हतं. मी टेम्पोवाल्यांना फोन केले. सकाळी जो म्हणाला बघतो, तो दुपारी म्हणाला इंजिनात पाणी जाईल. मी दुप्पट भाडं सांगितलं. मी आपण होऊन भाडं वाढवायची ती पहिलीच वेळ होती आणि तरी कोणी आला नाही.

आम्ही घरातल्या पलंगाच्या फळ्या काढल्या, विटांवर ठेवल्या आणि काळीला वर घेतलं. पायाला डायपर, त्यावर खताची प्लास्टिकची गोणी, त्यावर सायकलची ट्यूब घट्ट बांधली. पाणी फळ्यांना लागलं तेव्हा आणखी विटा घातल्या. तिला तीन पायांवर उतरवायचं, फळ्या उचलायच्या, पुन्हा चढवायचं. तिसऱ्यांदा ती चढेना. तिने मान माझ्या खांद्यावर टाकली आणि सगळं वजन दिलं. घोड्याच्या नुसत्या मानेचं वजन काय असतं ते अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही.

भावाला खाडीवर फोन केला. तो म्हणाला, "अगं, हितं चुलीत पानी हाय. तू घोडी आनून ठेवनार कुठं, माझ्या डोक्यावर?" पापडीला ज्यांच्या दोन मुली माझ्या बग्गीतून चर्चला गेल्या त्या घरी विचारलं. त्यांच्या ओट्यापर्यंत पाणी होतं, बाई स्वतः रडकुंडीला आल्या होत्या. एका हॉलवाल्याला मी वर्षानुवर्षं गिऱ्हाईक दिलं आहे. त्याचा हॉल उंचावर, कोरडा, रिकामा. तो म्हणाला, फरशी नवीन आहे, वहिनी, लिदीचे डाग जात नाहीत. त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. पुढच्या सीझनला त्याच्याकडे माझी पातेलीही जाणार नाहीत.

उरली एकच जागा. शेडमधून मान वर केली की दिसायची. सोसायटीचं पार्किंग, भरावावर, इमारतीखाली, टाइल्स घातलेलं, कोरडं. आमच्या मागच्या गल्लीतून वर जायला रॅम्प. पाऊल मोजत नेली तरी काळी तिथपर्यंत पोचली असती.

मी जाणार नाही असं ठरवलं होतं. सकाळी पट्टी सोडली तर गोणीच्या आत पाणी शिरलं होतं. खुराच्या वरचा भाग गरम लागत होता आणि तिने गवताला तोंड लावलं नव्हतं. मग मी साडी खोचली आणि निघाले.

जिना चढताना मी सौदा जुळवत होते. समोरच्याला काय हवं आहे ते आधी ओळखायचं, हा माझा धंदा. सोसायटीतल्या पुढच्या लग्नाला घोडी फुकट. बागेला खत. दोनदा लादी धुऊन देईन. तेवढ्यावर जमलं नाही तर पार्किंगचं भाडं, महिन्याचं. माफी हा मुद्दा मी शेवटी ठेवला होता. तो माझ्या तोंडून निघेल की नाही याची मला खात्री नव्हती.

चेअरमनच्या दाराशी गेले आणि बेलवर बोट ठेवलं, तेव्हा वर नजर गेली. चौकटीवर नाल होती. शेंदूर लावलेली, टोकं वर करून ठोकलेली. काळी चालताना डावा पाय बाहेर टाकते, त्यामुळे तिची नाल बाहेरच्या बाजूने झिजते. ही तशीच झिजलेली होती. एका भोकात मोडका खिळा होता आणि त्याला खुराची काळी चकती अजून चिकटलेली होती, नखासारखी. ती काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. शेंदूर तिच्यावरूनच लावला होता.

दार चेअरमनने उघडलं. माझ्या अंगावरून पाणी गळत होतं. तो म्हणाला, "वहिनी, मागे तुम्ही आम्हाला चोर म्हणालात. आज काय म्हणायला आलात?"

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. त्याच्या सबंध इमारतीला ऐकू गेलं असतं. पण मी ओरडले असते तर त्याने दार लावलं असतं, आणि खाली काळी पाण्यात उभी होती. पुरावा माझ्या डोक्यावर वीतभर अंतरावर होता आणि तो वापरायची सोय नव्हती. मी म्हटलं, घोडीला चार दिवस पार्किंगमध्ये जागा द्या. बाकी जे काही जुळवलं होतं ते मला आठवलंच नाही.

तो समजावून सांगू लागला. कमिटी आहे, मेंबर आहेत, लहान मुलं खाली खेळतात, पहिल्या मजल्यावर एका आजोबांना दमा आहे. त्याला नालेचं काही माहीत नव्हतं, हे मला त्याच्या तोंडावरूनच कळलं. त्याच्या मागे त्याची बायको उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी कुठे बघते आहे तिकडे बघत होती. मी नजर चौकटीवरून काढली नाही. तिचा चेहरा उतरत गेला.

"येऊ द्या त्यांना," ती म्हणाली.

तो म्हणाला, कमिटीला काय सांगू?

"मी सांगते कमिटीला. गाडी काढा तुमची, ती जागा द्या."

तो चकित होऊन तिच्याकडे बघत राहिला, मग चावी शोधायला आत गेला. आम्ही दोघीच दारात होतो. ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या मुलाला साडेसाती आहे."

"माझ्या घोडीला पण," मी म्हटलं आणि खाली उतरले.

काळीला रॅम्पवरून नेताना वॉचमन आणि नवरा दोन्ही बाजूंनी होते. नवरा त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या अंगाला चिकटून चालला. ओल्या उतारावर तिचे चांगले पाय घसरत होते, तेव्हा वरून कोणीतरी पायपुसणी टाकली, मग आणखी एकाने. ज्यांना मी एकेक मजला धरून शिव्या दिल्या होत्या त्यांचीच ती पायपुसणी. मी वर बघितलं नाही. आभार मानावे लागतील अशी भीती वाटत होती.

चेअरमनच्या गाडीच्या जागेवर आम्ही पेंढा पसरला. पाय उघडला, धुतला, कोरडा केला. माझा गॅस पाण्याखाली होता, म्हणून कोमट पाणी वरून यायचं. ती बाई स्वतः पातेलं घेऊन यायची, मिठासकट, आणि ठेवून जायची. तिच्या दारावर आता खिळ्यांची नुसती भोकं होती, असं मला वॉचमनने सांगितलं. त्याला वाटलं मला ते ऐकून बरं वाटेल. नाल कुठे गेली ते मी विचारलं नाही. मला नाल नको होती.

काळी बसली. घोडा थोडा वेळ बसला तर विसावा घेतो, बसूनच राहिला तर त्याच्याच वजनाने आतून मोडतो. डॉक्टर फोनवर म्हणाले उठवा. तिला उठवायचं म्हणजे एक जण मानेशी, दोघं मागे, आणि पोटाखालून गाडी ओढायचा पट्टा. तो पट्टा चेअरमनने दिला. तो घरून काम करायचा, मधूनच खाली यायचा, हात लावायचा, हात धुवायचा आणि वर जायचा. ती उठायची, थरथरायची, थोड्या वेळाने पुन्हा बसायची. पाय टेकायची नाही. चौथा पाय हवेत, वाकवून धरलेला, जणू तो तिचा नाहीच. दुसऱ्या पुढच्या पायावर सगळा भार, आणि तोही आता गरम लागायला लागला होता. मी तिच्या कानाशी बसून गुळाचा खडा हातावर धरायची. ती वास घेऊन तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, पाणी ओसरलं की मी येतो, मग बघू. काय बघू, ते मला ठाऊक होतं. मी नवऱ्याला सांगितलं की डॉक्टर येतील तेव्हा तू इथे थांब, मी थांबणार नाही. तो म्हणाला, मी एकटा नाही थांबणार.

पाणी ओसरायला लागलं त्या सकाळी मी पेंढा बदलत होते. काळी उभी होती. मला वाटलं ती तोल सावरते आहे. मग बघितलं तर डावा पाय खाली होता. टोकावर, हलकेच, पण टाइलवर होता. मी गुडघ्यावर बसले आणि पट्टी वर सरकवली. खुराच्या वर, जिथे केस सुरू होतात, तिथे कातडी फुटली होती. आतून पू वाहत होता, राखाडी, घट्ट, पायावरून खाली टाइलवर. एवढा घाण वास मी आयुष्यात घेतला नाही. सड हाडाकडे न जाता वाट काढून बाहेर आली होती. खिळ्याने जे आत घातलं होतं ते तिने स्वतःहून बाहेर टाकलं होतं. मी हातात पेंढा धरून तशीच बसून राहिले. मग तिने गवताला तोंड लावलं.

पुढे काय आहे ते मला तेव्हाही कळत होतं. खूर वरून खाली भरून यायला वर्ष लागतं, तोवर बग्गी नाही, आणि ती खाणार तेवढंच. चोर कोण ते मला माहीत आहे आणि मी कोणाला सांगू शकत नाही. ज्या फाटकावर उभं राहून मी बोलले होते तिथे आता मला पुन्हा आवाज चढवता येणार नाही. हा तिढा मला सुटत नाही, आजही सुटलेला नाही.

चेअरमन जिना उतरून आला. नाकाला रुमाल लावून तो काळीच्या पायाकडे बघत राहिला. मग टाइलकडे बघितलं, पू त्याच्या जागेच्या पिवळ्या पट्ट्यापर्यंत गेला होता. रुमालातूनच त्याने विचारलं, "बरी आहे का ती?"

मी म्हटलं, पाय टेकला.

तो पट्ट्याच्या मागे सरकला. मग म्हणाला, "आणि हे कोण साफ करणार?"

"मी," म्हटलं, आणि बादली आणायला रॅम्प उतरून पाण्यात शिरले.